दौंडचा आकडा आणि सीनेचा पूर

पावसाळ्यात सांगवी, पेडगावकडची माणसं टीव्हीवरचा अंदाज कमी आणि दौंडचा विसर्ग जास्त बघतात. किती हजार क्युसेक आलं, यावरून नदीवरच्या मोटारी कधी काढायच्या अन् गोठा कधी हलवायचा ते ठरतं.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. पुणं बुडालं हे सगळ्यांना माहीत; पण मुठेचं पाणी शेवटी भीमेतच येतं. तेव्हा देशात पुराचा अंदाज देण्याचं काम नुकतंच, १९५८ ला, दिल्लीत यमुनेवर सुरू झालेलं. आज निदान भीमेचा पूर आकड्यांत कळतो. पाऊस पडतो घाटात, धरणं भरतात, दरवाजे उघडतात, मग पाणी आपल्याकडं. मधे काही तास मिळतात. तेवढ्यात म्हशी माळावर नेता येतात.

सीनेचं तसं नाही. तिचा वरचा सगळा मुलूख पर्जन्यछायेतला. बंगालच्या उपसागरातला कमी दाब सप्टेंबरात पश्चिमेकडं सरकला की इथं धो-धो कोसळतो. काळी जमीन आधीच भिजलेली, पाणी मुरायला जागा नाही, ओढ्यांच्याच नद्या होतात. सप्टेंबर २०२५ ला हेच झालं. वर घाटासारखी मोठी धरणं नाहीत, मग पाणी सोडतोय म्हणून सांगणार कोण? खाली करमाळा-माढ्यापर्यंत गोठे पाण्यात गेले. जनावराला पोहता येतं हो, पण दाव्याला बांधलेलं असलं की ते बुडतं.

वेधशाळेचं मुख्य कार्यालय १९२८ ला सिमल्याहून पुण्याला आलं होतं, म्हणजे तेव्हा आपल्या शेजारीच होतं. पण ‘अहिल्यानगर जिल्हा, ऑरेंज अलर्ट’ म्हणजे अकोले तालुक्यातला घाट की श्रीगोंद्याचा माळ? शेतकऱ्यानं काय समजायचं?

क्वीन्सलँडला, ऑस्ट्रेलियात, फेब्रुवारी २०१९ मध्ये पाच लाखांच्या आसपास जनावरं गेली. दुष्काळानं खंगलेली, त्यात कित्येक दिवस पाऊस अन् गार वारा. आपली जनावरं तरी काय वेगळी? केंद्राच्या निकषात दुधाळ गाय-म्हैस गेली तर ३७,५०० रुपये. काष्टीच्या बाजारात तेवढ्यात चांगली म्हैस येते का, तुम्हीच सांगा.

चारा छावणी कशी उभी करायची हे आपल्या यंत्रणेला पाठ आहे. २०१९ ला जिल्ह्यानं ते पाहिलं. पुरात गुरं कुठं न्यायची, ती जागा मात्र ठरलेली मला दिसत नाही. बांगलादेशात किनाऱ्यावर मातीचे उंच ओटे बांधलेत, माणसं अन् गुरं दोन्ही त्यावर चढतात. येत्या ग्रामसभेत मी गायरानातला उंचवटा मागणार आहे. सीनाकाठच्यांनी आपापल्या गावात हा विषय घ्यावा.