राज्यपालांची सही आणि आपल्या हक्काचा पैसा

राज्यपाल अर्थसंकल्प अडवू शकतात का? सोलापुरातल्या आमच्या अभ्यासवर्गात कार्यकर्ते हा प्रश्न नेहमी विचारतात. उत्तर इतिहासात आहे.

१९१९ च्या कायद्याने द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, आरोग्य ही सोपीव खाती मंत्र्यांकडे गेली. पोलीस, जमीन महसूल, अर्थ ही राखीव खाती गव्हर्नराच्या हाती राहिली. कौन्सिलने राखीव खात्याची मागणी फेटाळली, तरी ‘खर्च आवश्यक आहे’ असा दाखला देऊन गव्हर्नर तो करवू शकत असे. पोलिसांच्या पैशाला हे कवच होते, शाळेच्या पैशाला नव्हते.

प्रांतिक वित्तावर ग्रंथ लिहिलेले बाबासाहेब १९२७ साली मुंबईच्या याच कौन्सिलात बसले. १२ मार्च १९२७ रोजी त्यांनी सरकारचा हिशेब सरकारसमोरच मांडला: शिक्षणावर दरडोई खर्च १४ आणे, आबकारीतून दरडोई वसुली दोन रुपयांहून अधिक!

१९३५ च्या कायद्याने प्रांतातली द्विदल पद्धत गेली, गव्हर्नराची सही गेली नाही. सभागृहाने कापलेली रक्कम ‘खास जबाबदारी’च्या नावाखाली तो परत घालू शकत असे. १९३७ साली सोलापुरातून निवडून गेलेले स्वतंत्र मजूर पक्षाचे जिवाप्पा ऐदाळे अशाच विधानसभेत बसले.

संविधानाने हे मोडून काढले. कलम २०३ प्रमाणे मागणी मंजूर करणे, नाकारणे वा कमी करणे हा विधानसभेचा अधिकार आहे. कलम २०० प्रमाणे धन विधेयक राज्यपालांना फेरविचारासाठी परत पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत गव्हर्नर अर्थसंकल्पातली एखादी रक्कम खोडू शकतो. पण त्याला लोक निवडतात. आपले राज्यपाल नेमलेले असतात. हा फरक विसरू नका.

महाराष्ट्रात एक अपवाद आहे. कलम ३७१(२) खाली १९९४ साली विकास मंडळे आली आणि निधीच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर आली. ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली. त्या वाटणीत सोलापूर ‘उर्वरित महाराष्ट्रा’त, पुण्याच्या पंगतीला. सांगोला-मंगळवेढ्याचा दुष्काळ पुण्याच्या सरासरीत बुडाला. प्रदेशाचा अनुशेष मोजला गेला; दलित वस्तीचा कोण मोजणार?

म्हणून मित्रांनो, राजभवनाकडे डोळे लावून बसू नका. अनुसूचित जाती उपयोजनेत जिल्ह्याला किती मंजूर झाले, किती खर्च झाले, किती परत गेले, हे अधिवेशनापूर्वी आपल्या आमदाराला लेखी विचारा. मत देणाऱ्याने हिशेब मागितला नाही, तर सही करणारा मालक होतो.

जय भीम!