नाणेघाटची ओसरी

डोंगरांतील निवारा म्हटला म्हणजे सुशिक्षित मनुष्याच्या डोळ्यांपुढें बहुधा युरोपांतील आल्प्स पर्वत उभा राहतो. तेथील सेंट बर्नार्ड खिंडींत, सुमारें आठ हजार फूट उंचीवर, अकराव्या शतकांत ख्रिस्ती साधूंनीं वाटसरूंसाठीं एक धर्मशाळा उभारली. हिवाळ्यांत बर्फानें वाट बुजली असतां चुकलेल्या प्रवाशांस शोधून आणण्याच्या कामीं त्या साधूंचे कुत्रे जगप्रसिद्ध झाले. पुढें १८६३ सालीं स्विस गिर्यारोहकांची संस्था स्थापन झाली, आणि तिनें त्याच वर्षीं आपली पहिली झोपडी डोंगरांत बांधली. आज अशा झोपड्यांपैकीं पुष्कळ ठिकाणीं हिवाळ्यांत राखणदार नसतो. तरी एक खोली उघडी ठेवलेली असते. येणारानें सरपण जपून वापरावें, वहींत नांव लिहावें, ठरलेले पैसे भरावे आणि दार नीट लावून निघावें, असा तेथील शिरस्ता आहे.

असली सोय परदेशांतच असावयाची, असें मुंबईकरास वाटलें तर त्यांत नवल नाहीं. परंतु त्याच्याच शहरापासून सुमारें १२० किलोमीटरांवर, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर, असा एक निवारा आहे कीं जो सेंट बर्नार्डच्या धर्मशाळेहून हजार वर्षांनीं जुना आहे. तो म्हणजे नाणेघाटाच्या माथ्यावरील लेणें. गिरगांव, दादर, परळ, लालबाग येथील तरुण मंडळी हिवाळ्यांतील शनिवारीं रात्रीं पाठीवर ओझें घेऊन कल्याणच्या बाजूस निघतात, तेव्हां त्यांतील कित्येकांची वाट या लेण्याशींच जाऊन थांबते. आपण कोणाच्या ओसरीवर जात आहों, हें मात्र त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असतें.

कोंकण आणि देश यांच्यामध्यें सह्याद्रीची भिंत आहे. ही भिंत जेथें जेथें थोडी खचली, तेथें तेथें माणसानें वाट पाडली आणि तिला घाट म्हटलें. नाणेघाट हा अशा घाटांपैकीं फार जुना. खालीं समुद्राच्या बाजूस सोपारा व कल्याण हीं बंदरें. वर जुन्नरची बाजारपेठ. आणि पुढें गोदातीरीं प्रतिष्ठान, म्हणजे आजचें पैठण, ही सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या तांबड्या समुद्राच्या प्रवासवर्णनांत कल्याण बंदराचा उल्लेख आला आहे. बंदरांत उतरलेला माल देशावर न्यावयाचा, तर हा कडा चढल्यावांचून गत्यंतर नव्हतें. आजहि वैशाखरे गांवाच्या बाजूनें चढूं लागलें म्हणजे जुन्या वाटेंतील दगडी फरसबंदी जागोजाग पायांखालीं येते. माथ्याशीं एक मोठा दगडी रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत असत असें परंपरा सांगते, आणि घाटाचें नांवहि त्यावरूनच पडलें असें लोक मानतात.

असा खडा घाट ओझ्यासह चढून आलेल्या माणसास तीन गोष्टी लागतात: सावली, पाणी आणि पाठ टेकण्यास जागा. त्या तीन्ही तेथें खडकांतच कोरून ठेवल्या आहेत. खिंडीच्या तोंडाशींच लेण्याचें चौकोनी दालन आहे. आंत भिंतींना लागून दगडी ओटे आहेत. आणि जवळपास पाण्याचीं टांकीं आहेत. कार्ले किंवा कान्हेरी येथील लेण्यांत बौद्ध भिक्षूंची वस्ती व उपासना होती. येथें पूजेचा स्तूप नाहीं कीं भिक्षूंच्या निजण्याच्या खोल्यांची रांग नाहीं. वाटेवरच्या माणसास दिसावें आणि उपयोगी पडावें, अशाच जागीं हें दालन कोरलेलें आहे.

त्याच्या भिंतींवर जें लिहिलें आहे, तें पाहिलें म्हणजे यजमान कोण हें कळतें. मागच्या भिंतीवर एके काळीं सातवाहन राजघराण्यांतील व्यक्तींच्या मूर्ती उभ्या होत्या. आज त्यांच्या पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. परंतु वरचीं कांहीं नांवें वाचतां येतात. त्यांत वंशाचा मूळपुरुष सिमुक सातवाहन आहे, राणी नागनिका व राजा सातकर्णी आहेत, तसेच महारठी आणि राजकुमार आहेत. बाजूच्या दोन्ही भिंतींवर एक मोठा लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. तो नागनिकेचा म्हणून ओळखला जातो, आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकांतील असावा असा पुष्कळ अभ्यासकांचा कल आहे. आरंभीं धर्म, इंद्र, संकर्षण व वासुदेव, चंद्रसूर्य आणि चार लोकपाल यांस वंदन आहे. नंतर अश्वमेध, राजसूय इत्यादि यज्ञांची व त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गांवें आणि कार्षापण नाण्यांची यादी आहे. या लेखांतील राणी महिना महिना उपवास करणारी, घरांत राहून तपस्विनीचें व्रत पाळणारी अशी वर्णिलेली आहे. अशा एका स्त्रीच्या नांवानें ओळखला जाणारा लेख राजधानींत नव्हे, तर व्यापाऱ्यांच्या व वाटसरूंच्या वाटेवर कोरला गेला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. धापा टाकीत वर आलेला प्रत्येक परदेशी व्यापारी ओट्यावर टेकला कीं त्याच्या डाव्या-उजव्या हातांस राजघराण्याचें वैभव उभें असे. निवारा देणें हा राजधर्म होता, आणि राज्याची ओळख करून देण्याचा तो मार्गहि होता.

हा लेख पुढें शतकानुशतकें मुका झाला, कारण लिपी वाचणारेच राहिले नाहींत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत साइक्स नांवाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें त्याकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. १८३७ सालीं प्रिन्सेपनें ब्राह्मी लिपी उलगडली, आणि किल्ली हातीं आली. तरी अशा दुर्गम जागीं जाऊन झिजलेलें एकेक अक्षर जमविण्यास चिकाटीचा माणूस हवा होता; तो मुंबईनें दिला. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकीं डॉ. भाऊ दाजी लाड यांस वैद्यकाइतकाच प्राचीन इतिहासाचा छंद होता. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला १९७५ सालीं त्यांचेंच नांव देण्यांत आलें. त्यांनीं जुनागडचा एक तरुण, भगवानलाल इंद्रजी, मुंबईस बोलावून घेतला. गिरनारचा शिलालेख पाहून पाहून ज्यानें तरुण वयांतच प्राचीन लिपीचा अभ्यास केला, असा हा पंडित. भाऊ दाजींसाठीं शिलालेखांच्या नकला घेत तो हिंदुस्थानभर व नेपाळांतहि हिंडला. १८७४ सालीं भाऊ दाजी वारले. पण शिष्याचें काम थांबलें नाहीं.

नाणेघाटच्या लेखांत दानाचे आंकडे आहेत: १,७०० आहे, ११,००० आहे, २४,४०० आहे. हे आंकडे आजच्याप्रमाणें स्थानानुसार किंमत बदलणारे नव्हत. दहा, शंभर, हजार यांस निरनिराळीं चिन्हें आहेत. भगवानलालांनीं या चिन्हांवर निबंध लिहिला, आणि तो १८७६च्या सुमारास मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत आला. आपल्या देशांतील अंकांचा जो इतिहास आज शिकविला जातो, त्याचा एक आरंभीचा पुरावा असा एका घाटांतल्या विसाव्याच्या जागीं सांपडला, आणि फोर्टमधील टाऊन हॉलांत जगापुढें मांडला गेला. भगवानलालांस १८८४ सालीं हॉलंडांतील लायडन विद्यापीठानें सन्मान्य पदवी दिली. १८८८ सालीं ते मुंबईंतच निवर्तले.

विद्वान घाटाकडे वळले त्याच काळांत वाटसरू मात्र घाटापासून दूर जाऊं लागले होते. १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी धांवली. दुसऱ्या वर्षीं ती कल्याणास पोंचली. १८६३ सालीं बोरघाटांतून आणि १८६५ सालीं थळघाटांतून लोहमार्ग देशावर चढला. आगगाडीच्या दोन वाटा झाल्या, तशा पाऊलवाटांच्या घाटांवरील व्यापाराला ओहोटी लागली. त्याच सुमारास मुंबईंत कापडाच्या गिरण्या उभ्या राहूं लागल्या होत्या. कोंकणांतून आणि घाटावरून आलेल्या माणसांनीं परळ-लालबागच्या चाळी भरल्या. घाट उतरून आलेला मनुष्य आतां पोटासाठीं शहरांत राहिला. आणि घाट रिकामा झाला.

तो पुन्हां गजबजूं लागला तो निराळ्या कारणानें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबईंत डोंगर चढण्याची हौस वाढली. १९५४ सालीं गिरिविहार ही संस्था निघाली, आणि तिच्यामागून अनेक मंडळें निघालीं. १९८२ सालच्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद पडले. तरी त्याच चाळींतील पुढच्या पिढ्या, ज्यांचे आजे-पणजे चाकरीसाठीं घाट उतरले त्यांचींच मुलें, आज विसाव्यासाठीं घाट चढूं लागलीं आहेत.

हिवाळा हा त्याचा उत्तम काळ. पावसाळ्यांत धुकें आणि निसरडें असतें, उन्हाळ्यांत कडा तापतो. मार्गशीर्ष-पौषांत मात्र आकाश निवळतें आणि जिवधन किल्ला व त्याशेजारचा वानरलिंगीचा सुळका स्पष्ट दिसतात. येथें बर्फ पडत नाहीं. परंतु रात्रीं खिंडींतून जो वारा सुटतो, तो शहरांतून आलेल्या माणसास थंडी म्हणजे काय तें शिकवितो. पहांटे कड्यावर उभें राहिलें कीं खालीं कोंकणांत पांढरें धुकें पसरलेलें असतें आणि जणूं समुद्रच घाटाच्या पायथ्याशीं आला आहे असें वाटतें. अशा वेळीं दगडी भिंतीच्या आडोशाची किंमत पुस्तक न वाचतां कळते.

आणि येथेंच खरा प्रश्न उभा राहतो. लेणें वाटसरूंसाठीं आहे, मग त्यांत राहावयाचें कां नाहीं? दोन हजार वर्षें लोक टेकलेच ना? युक्तिवाद खोटा नाहीं. पण त्या दोन हजार वर्षांतच राजांच्या मूर्ती गेल्या, लेखांतील ओळींच्या ओळी झिजल्या, आणि कित्येक नांवें कायमचीं नाहींशीं झालीं. निवारा वापरानें जिवंत राहतो. लेख वापरानें मरतो. चुलीचा धूर, भिंतीला टेकलेलीं ओझीं, दगडावर नांव कोरण्याची खोड, यांपैकीं एकेक गोष्ट क्षुल्लक दिसते. परंतु भगवानलालांनीं ज्या अक्षरांची नक्कल घेतली त्यांतील एक जरी आज झडलें, तरी तें पुन्हां कोरून देणारा कोणी नाहीं.

आल्प्समधील झोपडींत पाहुण्यानें नांव लिहावयाचें तें वहींत; येथें भिंत हीच वही आहे आणि ती केव्हांच भरली आहे. तींत आतां नवें नांव घालावयास जागा नाहीं. म्हणून रात्रीचा मुक्काम पठारावरील घाटघर गांवांत करावा, चूल लेण्यापासून दूर मांडावी, टांक्यांचें पाणी स्वच्छ राखावें, आणि लेण्यांत क्षणभर नुसतें बसावें. उजेड असेल तर भिंतीवरचीं अक्षरें डोळ्यांनीं पाहावीं, बोटांनीं नव्हे.

घरच्या ओसरीवर आलेल्या पाहुण्यानें पाणी मागावें, विसांवा घ्यावा, आणि निघतांना जागा होती तशी ठेवावी, ही रीत महाराष्ट्रांतील लहान मुलासहि सांगावी लागत नाहीं. नाणेघाटची ओसरी एका राजघराण्यानें मांडली आणि आज तिचे यजमान हयात नाहींत. म्हणून ती राखण्याचें काम पाहुण्याकडेच आलें आहे.