डोंगरीचे १०१ दिवस : खात्री न करता छापलेल्या पत्रांची किंमत

१/
१७ जुलै १८८२. मुंबईच्या उच्च न्यायालयात पुण्याच्या दोन तरुण संपादकांना प्रत्येकी चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. एकाने तीनच दिवसांपूर्वी वयाची २६ वर्षे पूर्ण केली होती. दुसऱ्याची २६ वर्षे सहा दिवसांनी, तुरुंगात पूर्ण होणार होती. पहिले गोपाळ गणेश आगरकर, दुसरे बाळ गंगाधर टिळक. अपराध राजद्रोहाचा नव्हता. दुसऱ्याने पुरवलेली पत्रे खरी मानून त्यांनी एका माणसाची बदनामी केली होती. समाजमाध्यमांवर नाव कमावू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण वाचावे, म्हणून हा धागा.

२/
आधी या दोघांनी पणाला काय लावले होते, ते पाहू. दोघेही उच्चशिक्षित. मोठ्या पगाराची सरकारी नोकरी त्यांच्या आवाक्यात होती. ती वाट सोडून ते विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या सोबतीला आले. १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. वर्षभराने, २ जानेवारी १८८१ ला इंग्रजी ‘मराठा’ आणि ४ जानेवारीला मराठी ‘केसरी’ निघाला. ‘केसरी’ची जबाबदारी प्रामुख्याने आगरकरांकडे, ‘मराठा’ची टिळकांकडे. या मंडळींजवळ ना संस्थान होते, ना पिढीजात पैसा. शाळेत मुले पाठवणारे पालक आणि पत्राचे वर्गणीदार यांचा विश्वास, एवढेच त्यांचे भांडवल होते.

३/
आता कोल्हापूरकडे वळू. १८७१ मध्ये लहान वयात दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज १८८१ साली अठरा वर्षांचे होते. त्यांना वेड लागले आहे, असे इंग्रज अधिकारी आणि दरबारातले कारभारी सांगत. उलट, महाराजांचा छळ करून त्यांना वेडे ठरवले जात आहे, अशी चर्चा महाराष्ट्रभर होती. संशयाचा रोख कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर होता. छत्रपतींच्या गादीचा प्रश्न असल्यामुळे लोकभावना तीव्र होती. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी महाराजांचा कैवार घेऊन कारभाऱ्यांवर जळजळीत लेखन सुरू केले.

४/
याच सुमारास काही पत्रे पुढे आली. ती खुद्द बर्वे यांनी लिहिली आहेत आणि महाराजांच्या जिवाविरुद्धचा कट त्यांतून उघड होतो, असे सांगण्यात आले. ज्याचा शोध चालू होता, तो पुरावा जणू आयताच हाती आला. पत्रे खरी मानून लेखन झाले. १८८२ च्या आरंभी बर्वे यांनी बदनामीची फिर्याद केली. पुढे न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली.

५/
येथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. आजच्या चुकांचे खापर आपण वेगावर फोडतो : हातात फोन असतो, बोट लागते, क्षणार्धात पोस्ट जगभर जाते. पण ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही साप्ताहिके होती. खिळे जुळवून, मुद्रिते तपासून अंक काढायचा, तर दोन अंकांमध्ये सात दिवस मिळत. म्हणजे चौकशीला वेळ नव्हता, असे म्हणता येत नाही. पत्रे खोटी असतील अशी शंका प्रबळ झाली नाही, कारण त्यांतला मजकूर आधीच पक्क्या झालेल्या मताशी तंतोतंत जुळत होता. कुशाग्र बुद्धीची माणसेही येथे फसतात. आपल्या मताला हवा तसाच पुरावा समोर आला, की चौकशीची गरज सर्वांत जास्त असते आणि चौकशीची इच्छा सर्वांत कमी.

६/
कायद्याची बाजूही समजून घेऊ. १८६० च्या भारतीय दंड संहितेने बदनामीला गुन्हा ठरवताना काही अपवाद ठेवले होते. मजकूर सत्य असेल आणि तो प्रसिद्ध करणे लोकहिताचे असेल, तर गुन्हा नाही. सद्भावनेलाही संरक्षण होते. पण ‘सद्भावना’ म्हणजे केवळ मनाचा चांगुलपणा नव्हे. योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेने केली असे मानता येणार नाही, असे संहितेनेच स्पष्ट केले होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. बदनामी तिच्या कलम ३५६ मध्ये आजही गुन्हा आहे. ‘मी लिहिले नाही, फक्त पुढे पाठवले’ हा बचाव तेव्हाही लंगडा होता, आताही लंगडाच आहे.

७/
पत्रांचा भरवसा राहिला नाही, तेव्हा टिळक-आगरकरांनी बर्वे यांची माफी मागितली. तरी फिर्याद मागे घेतली गेली नाही आणि शिक्षा टळली नाही. खटला चालू असतानाच, १७ मार्च १८८२ रोजी, चिपळूणकरांचे वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी निधन झाले. शाळा दोन वर्षांची, वृत्तपत्रे सव्वा वर्षाची, मार्गदर्शक गेलेला आणि दोन मुख्य आधारस्तंभ तुरुंगाच्या वाटेवर. सारा उद्योग तेथेच बुडाला असता, तरी कोणाला आश्चर्य वाटले नसते.

८/
या संकटात मदत कोठून आली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून त्यांचे सहकारी रामशेठ उरवणे यांनी १०,००० रुपयांचा जामीन दिला. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’तून फुल्यांवर बोचरी टीका केली होती, आणि टिळक-आगरकर हे चिपळूणकरांचेच साथी. तरीही फुल्यांनी मतभेद मदतीच्या आड येऊ दिला नाही. रोज वादात उतरणाऱ्यांनी एवढे जाणावे, की आज ज्याच्याशी वाद आहे, तोच उद्या आपल्यासाठी उभा राहू शकतो. प्रतिपक्षाविषयी लिहिताना भाषेची मर्यादा राखण्याचे हेही एक कारण आहे.

९/
दोघांची रवानगी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात झाली. चांगल्या वर्तणुकीमुळे शिक्षेत सूट मिळाली आणि २६ ऑक्टोबर १८८२ रोजी ते सुटले. म्हणूनच आगरकरांच्या पुस्तकाचे नाव ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’. कोठडीतल्या दिवसांत दोघांमध्ये देशस्थितीवर, शिक्षणावर आणि समाजावर प्रदीर्घ चर्चा झाल्या. पुढे दोघांना वेगळे करणाऱ्या मतभेदांची चाहूलही त्या चर्चांत लागते.

१०/
सुटकेच्या दिवशी स्वागताला मोठा जनसमुदाय लोटला. शिक्षा भोगून आलेले संपादक लोकांच्या दृष्टीने वीर ठरले. महाराजांविषयीची लोकांची काळजीही निराधार नव्हती : २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, ग्रीन नावाच्या गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीनंतर, चौथ्या शिवाजी महाराजांचा दुर्दैवी अंत झाला. पण म्हणून ती पत्रे खरी ठरत नाहीत. बाजू न्याय्य असू शकते आणि तिच्यासाठी पुढे केलेला पुरावा खोटा असू शकतो. खोट्या पुराव्यामुळे न्याय्य बाजूचीच हानी होते, कारण मग चर्चा महाराजांच्या हालांची न होता पत्रांच्या खरेपणाची होते.

११/
आणि बर्वे? त्यांच्या कारभाराविषयी कोणाचे काहीही मत असो, न केलेल्या पत्रव्यवहाराबद्दल त्यांचे नाव घरोघरी गाजले. न्यायालयात ते जिंकले. लोकांच्या आठवणीत मात्र ते आजही बहुधा याच प्रकरणापुरते उरले आहेत. कोणाविषयी एखादा स्क्रीनशॉट पुढे पाठवताना हा माणूस आठवावा. खुलासा मूळ आरोपाइतक्या दूर क्वचितच पोहोचतो.

१२/
मग टिळक-आगरकरांचे नाव कशामुळे टिकले? केवळ जयघोषामुळे नव्हे. बाहेर आल्यावर ते कामाला लागले. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. ज्या गव्हर्नरच्या कारकिर्दीत हे दोघे कैदेत गेले, त्याच जेम्स फर्ग्युसन यांचे नाव महाविद्यालयाला मिळाले. सुटकेनंतर जेमतेम सव्वादोन वर्षांत हे घडले. शाळेतले रोजचे अध्यापन आणि वेळेवर निघणारे अंक, यांतून समाजाचा विश्वास पक्का झाला.

१३/
आगरकरांची पुढची वाटचाल याहून बोधप्रद आहे. सामाजिक सुधारणेवरून मतभेद वाढले, १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. बालविवाह, विधवांची स्थिती, रूढींचा जाच यांवर ते निर्भयपणे लिहीत राहिले. परिणाम असा, की पुण्यात सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. पत्रे बनावट ठरली त्या वर्षी जयजयकार झाला आणि स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या नावाने लिहिले तेव्हा अवहेलना वाट्याला आली. १७ जून १८९५ रोजी, वयाची चाळिशीही गाठण्यापूर्वी, ते गेले. महाराष्ट्र त्यांना आजही मान देतो तो मुख्यतः ‘सुधारक’मधल्या लेखनासाठी.

१४/
म्हणून लोकप्रियता आणि पत यांत फरक करावा. आज तुमचे खाते म्हणजे तुमचे छोटेसे वृत्तपत्र आहे आणि तुम्हीच त्याचे संपादक आहात. नोकरी देणारा, तुमच्याकडून माल घेणारा ग्राहक, संशोधनात सोबत घेऊ पाहणारा प्राध्यापक, हे सारे तुमचे जुने अंक चाळणार आहेत. तेव्हा कोणाविषयीही मजकूर पुढे पाठवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हा मूळ कोणाकडून आला? तो मला खरा वाटतो तो पुराव्यामुळे, की माझ्या आवडीमुळे? आणि उद्या न्यायालयात उभे राहून मी तो सिद्ध करू शकेन का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसताना मजकूर छापला गेला, तर काय होते, याची नोंद डोंगरीच्या १०१ दिवसांत आहे.

धागा समाप्त. आगरकरांचे ते छोटेखानी पुस्तक मिळाले, तर अवश्य वाचा.