गोंदणातील वेदना

गोंदण म्हणजे सुईने त्वचेला टोचे देऊन त्यात रंग भरणे व कायमची खूण उमटवणे. ही क्रिया वेदनादायक असते. वेदनेची तीव्रता शरीराचा भाग, नक्षीचा आकार, टोचणाऱ्याचे कौशल्य आणि गोंदवून घेणाऱ्याची मनःस्थिती यांनुसार बदलते. महाराष्ट्रात अनेक जाती-जमातींमध्ये गोंदण्याची प्रथा होती. रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात कर्नाळा किल्ला व पक्षी अभयारण्याच्या आसपास ठाकर आणि कातकरी समाजांच्या वाड्या आहेत. या समाजांतील वयस्क स्त्रियांच्या कपाळावर, हनुवटीवर व हातांवर गोंदणाच्या खुणा दिसतात. तरुण पिढीत ही प्रथा क्षीण झाली असून शहरातील तरुण मात्र 'टॅटू' या नावाने यंत्राने गोंदवून घेतात.

पारंपरिक गोंदण

गोंदण्याचे काम बहुधा स्त्रिया करीत. गावोगाव फिरणाऱ्या गोंदणारीला मोबदला म्हणून धान्य, जुनी वस्त्रे किंवा पैसे मिळत. दिव्याची काजळी तेलात किंवा वनस्पतीच्या रसात कालवून रंग तयार करीत आणि दोन-तीन सुया एकत्र बांधून त्वचेवर टोचे देत. नंतर त्या जागी हळद व तेल लावत. ठिपके, फुली, तुळस, विंचू अशा नक्ष्या सर्वत्र आढळतात. काजळी काळी असली तरी ती त्वचेच्या आतल्या थरात असल्याने गोंदण बाहेरून निळसर-हिरवे दिसते.

मुलींना लग्नापूर्वी, बरेचदा लहान वयातच गोंदवले जाई. मरणानंतर अंगावरचे दागिने उतरवले जातात, गोंदण तेवढे बरोबर येते, अशी समजूत होती. वेदना सोसणे हा या विधीचाच भाग मानला जाई. मुलीची इच्छा विचारण्याची पद्धत नव्हती, ही बाब या प्रथेच्या कौतुकात अनेकदा झाकली जाते. वेदनेवर औषध नव्हते, पण उपाय होते. घरातील बायका मुलीला घट्ट धरून बसत, गाणी म्हणून किंवा बोलण्यात गुंतवून तिचे लक्ष दुसरीकडे वळवीत. शिवाय ठिपक्यांची नक्षी लहान असल्याने काम लवकर आटपत असे.

वेदना का होते

रंग टिकण्यासाठी सुई बाह्यत्वचेखालील आंतरत्वचेपर्यंत, म्हणजे सुमारे 1 ते 2 मिलिमीटर खोल जावी लागते. या थरात वेदनेची जाणीव देणाऱ्या चेतातंतूंची टोके असतात. टोचताक्षणी जाणवणारी तीक्ष्ण कळ जलद तंतूंमधून येते. मागाहून रेंगाळणारी जळजळ मंद तंतूंमधून. त्वचा पातळ असलेल्या किंवा हाडाला लागून असलेल्या जागी, जसे बरगड्या, घोटा, कोपराची आतली बाजू व काख, ती अधिक जाणवते. दंडाच्या बाहेरच्या बाजूस ती तुलनेने सौम्य असते.

रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये मांडलेल्या 'द्वार-नियंत्रण' सिद्धांतानुसार स्पर्श व दाब यांच्या संवेदना मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांना काही प्रमाणात अडवतात आणि मेंदूकडून येणारे संकेतही त्या द्वारावर परिणाम करतात. मुलीचा हात दाबून धरणे आणि तिचे मन गाण्यात गुंतवणे या जुन्या युक्त्यांचे स्पष्टीकरण यात मिळते.

पूर्वतयारी

उपाशीपोटी किंवा अपुऱ्या झोपेनंतर बसल्यास चक्कर येण्याची शक्यता वाढते. म्हणून आधी जेवण, पुरेसे पाणी व विश्रांती आवश्यक असते. मद्यपान टाळावे लागते, कारण त्याने रक्तस्राव वाढू शकतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ती स्वतःच्या मनाने बंद करणे धोक्याचे असते. आधी डॉक्टरांना विचारणे योग्य. पहिल्या वेळी लहान नक्षी व कमी दुखणारी जागा निवडणे सोपे जाते. संथ श्वास घेतल्याने आणि मध्ये थांबण्याची मुभा आधीच ठरवून घेतल्याने भीती कमी होते.

लिडोकेनयुक्त बधिर करणारी मलमे बाजारात मिळतात. ती मोठ्या भागावर जाड थरात लावून वर प्लास्टिक गुंडाळल्यास औषध रक्तात अधिक शोषले जाऊन झटके येऊ शकतात किंवा हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. त्यामुळे त्यांचा वापर वैद्यकीय सल्ल्यानेच करावा लागतो.

वेदनेपलीकडचा धोका

टोचण्याची वेदना काही काळात ओसरते, काही संसर्ग मात्र आयुष्यभर पाठ सोडत नाहीत. एकाच सुईने अनेकांना गोंदल्यास कावीळ ब, कावीळ क व एचआयव्ही पसरू शकतात. जत्रांमध्ये छोट्या यंत्राने स्वस्तात गोंदून देणाऱ्यांकडे हा धोका विशेष असतो. सुई नवी असून सीलबंद पाकिटातून समोरच काढली जाते का, रंगाची कुपी प्रत्येकासाठी वेगळी आहे का आणि हातमोजे बदलले जातात का, हे बसण्यापूर्वी पाहता येते. जखमेभोवती वाढती लाली, पू किंवा ताप आल्यास डॉक्टरांकडे जावे लागते. ज्यांच्या जखमांवर उंचवट्याचे व्रण येतात, त्यांना गोंदणावरही तसे व्रण येऊ शकतात.

सैन्यभरतीची इच्छा असणाऱ्यांसाठी जागेची निवड आणखी महत्त्वाची ठरते. भारतीय लष्करात कायमचे गोंदण सामान्यतः कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूस व तळहाताच्या मागील बाजूस चालते. आदिवासी समाजांच्या रूढीनुसार असलेल्या गोंदणाला सवलत आहे.

गोंदण नको झाल्यास लेझरने ते फिके करता येते. त्यासाठी आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. काळा रंग तुलनेने लवकर जातो, हिरवा व पिवळा चिवट असतात. या उपचाराची कळ अनेकांना गोंदवून घेण्याच्या वेदनेपेक्षा अधिक वाटते.