खड्याचा रेडिओ आणि बोलण्याची मुभा

क्रिस्टल रेडिओला वीज लागत नाही, सेलही लागत नाहीत. पुठ्ठ्याच्या नळीवर एनॅमलच्या तांब्याच्या तारेचे शंभरेक वेढे, एक डायोड, कानाला लावायचा हेडफोन, उंच ताणलेली एरियल आणि जमिनीत पुरलेली अर्थिंगची तार, एवढ्यावर तो बोलू लागतो. पूर्वी डायोडच्या जागी गॅलिना या शिशाच्या खनिजाचा खडा असे. त्यावर बारीक तारेचं टोक टेकवत, हलवत, आवाज नेमका कुठे पकडला जातो ती जागा शोधावी लागे. अशा गॅलिना शोधकाचं अमेरिकी पेटंट १९०४ मध्ये जगदीशचंद्र बोस यांना मिळालं होतं.

हा खडा स्वतःच्या बळावर काहीच करत नाही. लहरीबरोबर जी ऊर्जा येते, तिच्यावरच हेडफोनचा पडदा हलतो. म्हणून क्रिस्टल सेटचा इतिहास हा खरं तर जवळपासच्या प्रक्षेपकाचा इतिहास असतो. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं, ते अवघ्या दीड किलोवॉटचं. मुंबईकरांना खडा पुरे. साताऱ्या-सांगलीकडे ती लहर येईतो खड्याला जागं करण्याइतकं तिच्यात काही उरत नसे. तिथे ऐकायचं तर वाल्वचा महागडा सेटच हवा. पुण्याचं केंद्र १९५३ मध्ये आलं, तरी सांगलीला ते लांबच होतं.

आणि कायदा होताच. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यानं नुसता सेट बाळगायलाही परवाना लागे. विनापरवाना प्रक्षेपक घरी बांधणं तर थेट गुन्हा, मग तो कितीही साधा असो. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ चालवला, तो हीच जोखीम पत्करून. जागा बदलत बदलत त्यांनी १२ नोव्हेंबरपर्यंत तग धरला, मग पोलिसांनी धाड घातली. पुढच्याच वर्षी साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. ब्रिटिशांना माणसांच्या हातातल्या प्रक्षेपकाचं भय का वाटे, हे त्या दोन वर्षांकडे पाहिलं की कळतं.

स्वातंत्र्यानंतर ते भय गेलं, प्रक्षेपणावरचं कुलूप मात्र राहिलं. त्याला पहिली फट पडली ती १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात. युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रानं शेतकऱ्यांसाठी श्रोतामंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या दीडशेएक गावांत तो झाला, आणि त्यांत तेव्हाचा उत्तर सातारा होता. आठवड्यातून दोनदा वीसेक गावकरी सेटभोवती बसत, ऐकत, चर्चा करत. चिटणीस प्रश्न लिहून केंद्राकडे धाडी आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरं मिळत. बोलायचं ते टपालानं, पण गावाचा प्रश्न प्रथमच हवेत उमटत होता. या प्रयोगाचं मोल मराठी रेडिओच्या इतिहासात हवं तितकं सांगितलं गेलेलं नाही.

१९६३ मध्ये सांगलीचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं. ते मध्यम लहरीवर होतं. आता सांगली-मिरजेच्या आसपास खड्याला, किंवा त्याची जागा घेतलेल्या जर्मेनियम डायोडला, पुरेसं बळ घरबसल्या मिळण्याजोगं झालं. पण तोवर ट्रान्झिस्टर बाजारात येऊ लागला होता. ज्या भागाला क्रिस्टल सेटची खरी गरज होती, तिथे त्याला साजेसं केंद्र आलं ते त्याचा काळ सरत असताना.

बोलण्याचा हक्क यायला आणखी तीन दशकं लागली. १९९५ मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं मांडलं. २००६ च्या धोरणानं स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची वाट मोकळी केली, आणि २००८ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ ९०.४ मेगाहर्ट्झवर बोलू लागला. पुढे जत तालुक्यात जालिहाळला ‘येरळावाणी’ आली. असे प्रक्षेपक साधारण पन्नास वॉटचे, घरच्या एका जुन्या दिव्याइतक्या ताकदीचे. तेवढ्यात आसपासची दहा-पंधरा किलोमीटरची गावं सामावतात. माणसारख्या दुष्काळी तालुक्यात पाणी, शेळी, बचतगट यांवर तिथल्याच बोलीत बोललं जातं. स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा मात्र या केंद्रांना नाही, आकाशवाणीच्याच बातम्या पुढे ऐकवायच्या. टँकर आज कोणत्या वाडीला आला नाही, हे गावच्या केंद्राला सांगता आलं पाहिजे.