दहाच्या नाण्यावर देवीचं चित्र, मग ते खोटं का? स्मारक नाण्यांची पूर्ण गोष्ट

सोलापूर-धुळे महामार्गावरचा मांजरसुंब्याचा चौक. बीड, केज, पाटोदा, चौसाळा अशा चारही बाजूंच्या गाड्या इथे येतात. कपिलधारला मन्मथस्वामींच्या दर्शनाला निघालेले भाविकही इथूनच जातात. समजा, इथे कुणी चहा घेतला आणि दहाचं नाणं पुढे केलं. नाण्यावर वैष्णोदेवीचं चित्र आहे. गल्ल्यावरचा माणूस नाणं उलटसुलट करून बघतो आणि म्हणतो, "हे चालत नाही, दुसरं द्या."

असा अनुभव मराठवाड्यातच नाही, देशात अनेक ठिकाणी लोकांना आलाय. पण ते नाणं शंभर टक्के खरं असतं.

स्मारक नाणं म्हणजे काय?

एखादी व्यक्ती, संस्था किंवा घटना यांच्या आठवणीसाठी सरकार खास चित्राचं नाणं काढतं, त्याला स्मारक नाणं म्हणतात. स्वतंत्र भारतात याची सुरुवात 1964 मध्ये पंडित नेहरूंच्या नाण्यांपासून झाली.

महाराष्ट्राशी नातं असलेली नाणीही बरीच आहेत. डॉ. आंबेडकरांच्या जन्मशताब्दीचं 1990 चं एक रुपयाचं नाणं, 1999 मधलं संत ज्ञानेश्वरांचं एक रुपयाचं आणि छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं, 2002 मधलं संत तुकारामांचं दोन रुपयांचं, 2007 मधलं लोकमान्य टिळकांचं पाच रुपयांचं. यातलं एखादं तुमच्या घरातल्या डब्यात आजही सापडेल.

यात दोन प्रकार आहेत. एक, रोजच्या व्यवहारात फिरणारी 1, 2, 5, 10 रुपयांची नाणी. दुसरा, 75, 100, 125 अशा वेगळ्या किमतीची नाणी. ही संग्राहकांसाठी असतात आणि सरकारी टांकसाळ ती छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकते. नव्या संसद भवनाच्या उद्घाटनावेळी, मे 2023 मध्ये आलेलं 75 रुपयांचं नाणं याच प्रकारातलं.

मग दहाच्या नाण्याची अफवा कुठून आली?

'10 रेषांचं नाणं खरं, 15 रेषांचं खोटं', 'रुपयाचं चिन्ह नसेल तर घेऊ नका' असे मेसेज फिरले आणि लोक घाबरले. कारण अगदी साधं आहे. रुपयाचं चिन्हच मुळात जुलै 2010 मध्ये ठरलं आणि 2011 पासून नाण्यांवर आलं. त्याआधीच्या नाण्यांवर ते असणार कसं?

शेवटी जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं की, तोवर दहाच्या नाण्याची 14 डिझाइन्स आली आहेत आणि सगळी वैध आहेत. त्यात डॉ. होमी भाभा, संसदेची 60 वर्षं, माता वैष्णोदेवी, डॉ. आंबेडकरांची 125 वी जयंती अशी स्मारक नाणीही आहेत. नाणं नोटेपेक्षा कितीतरी जास्त टिकतं, त्यामुळे जुनी आणि नवी डिझाइन्स एकाच वेळी बाजारात असतात.

कायदा काय सांगतो?

2011 च्या नाणे कायद्यानुसार एक रुपया किंवा त्याहून मोठ्या किमतीच्या नाण्यांनी 1000 रुपयांपर्यंतची रक्कम कायदेशीरपणे चुकती करता येते. पन्नास पैशांचं नाणंही रद्द झालेलं नाही. त्याने 10 रुपयांपर्यंत पैसे देता येतात. 30 जून 2011 पासून चलनातून गेली ती 25 पैसे आणि त्याखालची नाणी.

दुकानदाराची भीती असते की, बँकेने नाणी घेतली नाहीत तर काय करायचं? बँकेच्या शाखांनी नाणी नाकारू नयेत, अशा रिझर्व्ह बँकेच्या स्पष्ट सूचना आहेत. नाणी वितळवणं मात्र गुन्हा आहे आणि त्याला 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

शहरांच्या नावाने नाणी निघतात का?

परदेशात निघतात. पोलंडने 2005 ते 2008 या काळात ऐतिहासिक शहरांवर दोन झ्लॉटींच्या नाण्यांची मालिकाच काढली. स्पेनने कॉर्दोबा, ग्रनादा, तोलेदो या शहरांमधला वारसा दोन युरोच्या नाण्यांवर आणला.

आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारं उदाहरण म्हणजे तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला 1000 वर्षं झाल्याबद्दल 2010 मध्ये आलेलं पाच रुपयांचं नाणं. ऐतिहासिक स्थळांना आपण जास्त करून नोटांवर जागा दिली. वीसच्या नव्या नोटेची मागची बाजू बघा, तिथे मराठवाड्यातलं वेरूळ आहे.

मराठवाड्याचं नाव मात्र नाण्यांवर आधीच होतं

पूर्वी नाणं जिथे पाडलं, त्या टांकसाळीच्या गावाचं नाव त्यावर असायचं. मुघल काळात औरंगाबादच्या टांकसाळीतल्या नाण्यांवर 'खुजिस्ता बुनियाद' हे नाव येई. त्याआधी मुहम्मद बिन तुघलकच्या नाण्यांवर दौलताबादचं नाव होतं.

याच तुघलकाने 1330 च्या सुमारास तांब्या-पितळेची नाणी काढली आणि ती चांदीच्या टंक्याइतकीच मानावीत असा हुकूम दिला. लोकांनी घरोघरी बनावट नाणी पाडली, व्यापाऱ्यांचा विश्वास उडाला आणि सुलतानाला ती परत घेऊन बदल्यात चांदी द्यावी लागली.

तेव्हा खोटी नाणी जास्त झाली म्हणून विश्वास गेला. आज खरी नाणी अफवेमुळे नाकारली जातात. त्याचा फटका भाजी विकणाऱ्या मावशींना, रिक्षावाल्यांना आणि रोजंदारीवरच्या लोकांना जास्त बसतो, कारण त्यांची दिवसभराची कमाईच सुट्ट्या पैशांत असते. त्यामुळे पुढच्या वेळी वेगळ्या चित्राचं दहाचं नाणं हातात आलं, तर परत करू नका. कशाच्या आठवणीसाठी निघालंय ते वाचा आणि बिनधास्त वापरा.