डाव्या पायाचा इतिहास

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पालघरहून मनोरकडे निघालं की वाघोबाची खिंड लागते. येणारेजाणारे ड्रायव्हर देवळापाशी हात जोडतात आणि मगच पुढचं वळण घेतात. खिंड ओलांडली की मासवण, सूर्या नदीच्या काठचं गाव. माझ्या मामाची तिथे एक जुनी जीप होती. दिवसा ती पालघरच्या बाजाराला माणसं न्यायची आणि रात्री गावात कुणी आजारी पडलं, तर तीच रुग्णवाहिका व्हायची.

१९९४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. जीपची क्लच प्लेट झिजली होती, म्हणून मामाने एका गॅरेजात नवी बसवून घेतली. त्याच रात्री शेजारच्या घरातलं लहान मूल तापाने फणफणलं, त्याला आकडी आली. आईबापांना घेऊन मामा निघाला. मी बाजूला बसलो होतो. पण क्लच दाबला तरी गिअर पडेना, नुसता करकर आवाज. पेडल निम्म्याहून जास्त खाली रिकामंच जात होतं.

मामाने गाडी बंद केली, पहिला गिअर टाकला आणि गिअरमध्येच स्टार्टर मारला. जीप हिसका देऊन चालू लागली. पुढचे गिअर त्याने इंजिनाच्या आवाजावर कान ठेवून, क्लचशिवाय बदलले आणि तशीच खिंड पार केली. मूल वेळेत दवाखान्यात पोचलं.

सकाळी पालघरच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी जीपखाली डोकं घातलं. गिअरबॉक्स उतरवला नाही, काही नाही. पान्याने केबलचा नट थोडा आवळला, पेडल हाताने दाबून पाहिलं आणि म्हणाले, “भाऊ, प्लेट नवी टाकलीत, माप जुनंच ठेवलंत.”

हे वाक्य मी विसरलो नाही. क्लच म्हणजे इंजिन आणि चाकं यांच्यातली गाठ. पाय दाबला की ती सुटते, सोडला की बसते. प्लेट झिजते तसे आतले दट्टे रिलीज बेअरिंगकडे सरकतात आणि पेडलचा मोकळा खेळ कमी होतो. म्हणून मेस्त्री वेळोवेळी केबल सैल करत जातात. नवी जाड प्लेट आली की दट्टे पुन्हा मागे जातात. केबल मात्र तशीच सैल! मग पाय जमिनीला टेकतो, तरी गाठ सुटत नाही. उलट कुणी केबल फार आवळली, तर गाठ पुरती बसत नाही. प्लेट घसरते, जळका वास येतो आणि नवी प्लेट थोड्याच दिवसांत संपते.

या गाठीचा इतिहास मोटारीइतकाच जुना आहे. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीत आजच्यासारखा क्लच नव्हता. पट्टा मोकळ्या चाकावरून घट्ट चाकावर सरकवला की गाडी चाले. १८८८ साली त्याची बायको बेर्टा ती गाडी घेऊन मुलांसह माहेरी गेली. वाटेत ब्रेकची लाकडं झिजली, तेव्हा तिने मोच्याकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. पुढे क्लचच्या शंकूवरही चामडंच असे. ते सुकलं की क्लच हिसके देई, तेल लागलं की घसरे. इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ पासून घर्षणाचे टिकाऊ अस्तर करायला घेतले आणि चामड्याचे दिवस भरत आले.

पायाचा जोर प्लेटपर्यंत न्यायचा कसा, हा दुसरा प्रश्न. आधी लोखंडी दांडे होते. अर्नेस्ट बाउडेन यांनी १८९६ साली नळीतून सरकणाऱ्या तारेचं पेटंट घेतलं. सायकलच्या ब्रेकमध्ये दिसते तीच ही तार. मुंबईत माझगावला महिंद्रांनी जीप जोडायला सुरुवात केली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, तिचाही क्लच केबलचाच.

तिसरा मार्ग तेलाचा. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगितलं. माल्कम लॉकहीड यांनी १९१७ च्या सुमारास ते ब्रेकमध्ये आणलं आणि मग क्लचमध्येही आलं. इथे नट आवळायचा नसतो, पण दुखणं वेगळं असतं. गिअरबॉक्स उतरवताना तेलाच्या नळीत हवा शिरते. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. म्हणून पेडल स्पंजासारखं लागतं. दोन-चार वेळा भराभर दाबल्यावर वर येऊ लागलं, तर समजावं, हवा आहे. मग एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खालचा निपल उघडून बंद करायचा, आणि तो बंद झाल्यावरच पाय उचलायचा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करायचं. तरीही पेडल बसलं, तर सिलिंडरचं रबर गळतं का ते पाहावं. प्लेट उलटी बसली असेल किंवा बेअरिंग फोर्कात नीट बसलं नसेल, तर मात्र गिअरबॉक्स पुन्हा उतरवणं भाग आहे. पण ती शेवटची पायरी. पुष्कळ ठिकाणी तीच पहिली होते आणि गरिबाचं दोनदा बिल होतं.

२०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओने आपल्याकडे क्लचचं पेडल नसलेली, पण आत क्लच असलेली स्वस्त गाडी आणली. डाव्या पायाचं काम यंत्र करू लागलं. गंमत अशी, की अशा गाडीतही नवी प्लेट टाकल्यावर संगणकाला ती कुठे पकडते हे नव्याने शिकवावं लागतं. नाहीतर तोही जुन्याच मापाने दाबत राहतो.

मेस्त्री आज नाहीत, ती जीपही भंगारात गेली. पण गॅरेजातून गाडी घेताना मी आधी डाव्या पायाने पेडल हळूच दाबून पाहतो. त्या रात्री खिंडीत मामाचा कान कामी आला. प्रत्येक गाडीत मामा नसतो.